गणिताचं उत्तर समुद्राला विचारा

देवगड तालुक्यातल्या एका शाळेत मी सहावी-सातवीला गणित शिकवतो. शाळेपासून जेटी चालत दहा मिनिटांवर. काही वर्षांपूर्वी वर्गात अपूर्णांकांचा गुणाकार चालू होता. फळ्यावर ५ × ३/४ लिहिलं होतं आणि निम्मा वर्ग वहीत मान घालून बसला होता. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर क्षेत्रभेटीसाठी होडीची वेळ ठरवायला जेटीवर गेलो. एक म्हातारे आजोबा जाळं सांधत बसले होते. उद्या भरती कधी, म्हणून विचारलं आणि टिपून घ्यायला खिशातून कागद काढला. ते म्हणाले, "उद्या पंचमी मां? मगे पावणेचारांक भरती. तेका कागद कित्याक व्हयो?"

पाच पाऊणे पावणेचार. फळ्यावरचंच गणित होतं ते, आणि त्यांच्याच नातवाला दुपारी ते आलं नव्हतं.

तेव्हापासून मी एक कसोटी धरून चालतो. ज्या गणिताचं उत्तर बरोबर की चूक हे सांगायला शिक्षक लागत नाही, ते गणित मुलांना धरून ठेवतं. भरती ठरल्या वेळी येते किंवा येत नाही. वाटे सारखे झाले नाहीत तर कुणीतरी भांडायला उठतं. कंडक्टरने दिलेलं तिकीट आपल्या हिशेबाशी जुळतं किंवा जुळत नाही. खाली दिलेले सगळे उपक्रम याच कसोटीवर निवडलेले आहेत. पाचवी ते आठवीच्या मुलांबरोबर ते करता येतात. पालकांनाही घरी यातले बरेचसे जमतील.

सुरुवात: आठवडाभर फक्त गोळा करा

पहिल्या आठवड्यात काही शिकवू नका. प्रत्येक मुलाने रोज एक हिशेब घरून आणायचा, अट एकच: तो घरातल्या कुणीतरी कागदाशिवाय केलेला हवा. कुणी केला, कशासाठी केला आणि उत्तर काय आलं, एवढंच वहीत लिहायचं.

आमच्याकडे आलेले हिशेब असे: हापूसच्या पेटीत किती डझन बसले आणि डझनाला काय पडलं, काजू बी विकून किती आले, गडग्याला चिरे किती लागतील, बचत गटाचा हप्ता, पायलीला चार शेर म्हणजे लग्नाच्या पंगतीला तांदूळ किती. एका मुलीने एसटीचा हिशेब आणला, तो फार कामाचा निघाला. कणकवलीला चौघं गेली. बाबा पूर्ण तिकिटात, आई महिलांच्या सवलतीमुळे अर्ध्या तिकिटात, धाकटा भाऊ बारा वर्षांच्या आतला म्हणून अर्ध्या तिकिटात आणि पंच्याहत्तरी ओलांडलेले आजोबा फुकट. चार माणसं, तिकिटं दोन! मग वर्गाने स्वतःहून विचारलं, आजी सत्तर वर्षांची असती तर? अडीच. इतक्या सहज मी कधी अपूर्णांकांची बेरीज शिकवली नव्हती.

हा आठवडा वाया जातोय असं वाटेल. तसं वाटू देऊ नका. पुढच्या वर्षभराची उदाहरणं याच वह्यांतून मिळतात आणि कुठल्या मुलाच्या घरी कोणतं गणित चालतं ते तुम्हाला कळतं. माझी एक चूक इथे सांगतो. आधी मी वर्गात खोट्या नोटा आणून दुकान मांडलं होतं. दोन दिवसांत मुलं कंटाळली. त्यात नवल नव्हतं, कारण त्यातली चार-पाच जणं रोज संध्याकाळी खऱ्या दुकानात बसत होती.

भरतीचं गणित: याला पंधरा दिवस द्या

किनाऱ्यावरच्या शाळेने एकच उपक्रम करायचा म्हटला तर तो हा करावा.

नियम सांगायला सोपा आहे. तिथीचा आकडा घ्या, त्याला पाऊणने गुणा, आलेले तास म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. शुक्ल असो वा कृष्ण पक्ष, प्रतिपदेला १ धरायचं, पौर्णिमा आणि अमावास्येला १५. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला. दुसरी भरती साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी. तिथी भिंतीवरच्या कॅलेंडरात असतेच.

पहिल्या दिवशी वर्गात पाऊणकी तयार करा. पूर्वीच्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आज हे सगळे पाठ करायला लावावेत असं माझं म्हणणं नाही, पण पाऊणकी मात्र मुलांनी स्वतः रचावी. एक ते पंधरापर्यंतचा तक्ता, तीन रकान्यांत: अपूर्णांक, दशांश आणि घड्याळाची वेळ. ७ × ३/४ = २१/४ = ५.२५ = सव्वापाच. इथेच एक नेहमीची चूक वर येते. ५.२५ म्हणजे पाच वाजून पंचवीस मिनिटं असं निम्मी मुलं लिहितात. खोडू नका, तसंच राहू द्या. जेटीवर त्यांना कळेल की पाव तास म्हणजे पंधरा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी जेटीवर जा. शाळेच्या वेळेत भरती येईल अशी तिथी निवडा. जेटीला पाण्यात उतरत जाणाऱ्या पायऱ्या असतात, तीच आपली मोजपट्टी. मुलांनी वरच थांबायचं आणि वरून पायऱ्या मोजायच्या. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे कुणीही उतरायचं नाही. पालकांपैकी पोहता येणारी दोन माणसं बरोबर हवीतच, आणि जून ते सप्टेंबर हा उपक्रम करायचाच नाही. दर पंधरा मिनिटांनी किती पायऱ्या कोरड्या आहेत ते लिहायचं. पाणी चढायचं थांबून उतरायला लागलं की ती पूर्ण भरती. काढलेली वेळ आणि दिसलेली वेळ यांतला फरक मिनिटांत लिहायचा.

फरक पडणारच. कधी दहा मिनिटांचा, कधी अर्ध्या तासाचा. आणि खरा अभ्यास इथूनच पुढे आहे. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. आजोबांचा पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. मग पाऊणऐवजी ५/६ ने गुणलं तर? एका गटाने पाऊणकी चालवायची, दुसऱ्याने ५/६ चा तक्ता करायचा. पंधरा दिवस जेटीजवळ राहणाऱ्या मुलांनी मोठ्या माणसांबरोबर जाऊन वेळ टिपायची आणि शेवटी दोन्ही गटांच्या फरकांची सरासरी काढायची. सरासरी कशासाठी काढतात हे त्या दिवशी समजावून सांगावं लागत नाही. दोन्ही गटांना जिंकायचं असतं.

मध्येच एखादा विचारेल, कॅलेंडरात लागोपाठ दोन दिवस एकच तिथी का, किंवा मधली एक गायब का? सूर्योदयाला जी तिथी चालू असते ती त्या दिवसाची, आणि तिथीची लांबी दिवसाइतकी नेमकी नसते. एवढं सांगून पुढे जा.

आता जेटीवरचे आकडे आलेख-कागदावर मांडा. पाणी सरळ रेषेत चढत नाही. ओहोटीच्या टोकाला हळू, मध्ये भराभर, पुन्हा भरतीच्या टोकाला हळू. दर्यावर्दी लोकांचा यासाठी एक ठोकताळा आहे: चढण्याचे सहा तास धरले तर पहिल्या तासात एकूण चढाच्या १/१२, दुसऱ्यात २/१२, तिसऱ्यात ३/१२, चौथ्यात ३/१२, पाचव्यात २/१२, सहाव्यात १/१२. समजा पाणी एकूण २४० सेंटिमीटर चढलं, तर तासागणिक २०, ४०, ६०, ६०, ४०, २०. बेरीज करून बघा म्हणावं. मग विचारा: तीन तासांनी किती पाणी चढलं असेल, आणि एका तासाने तेवढ्याच्या एक-तृतीयांश का नसेल? अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, यांचे दोन आलेख एकाच कागदावर काढले की भूगोलाचा धडाही उरकतो.

वाटे: भागाकार आणि उरलेला रुपया

मासळी बाजारात मासे वाट्याने मिळतात, रापणीत पैशांचे वाटे होतात. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. ते ओढायला गावातली बरीच माणसं येतात आणि मिळकतीतून जाळ्याचा, होडीचा आणि ओढणाऱ्यांचा वाटा निघतो. कुणाला किती, हा नियम गावागणिक वेगळा असतो, तेव्हा तो मुलांनी घरून विचारून आणायचा. तुम्ही सांगू नका.

आम्ही घेतलेलं उदाहरण: मासळीचे १४,४०० रुपये आले. निम्मे जाळ्याला आणि होडीला. उरलेले ७,२०० चोवीस ओढणाऱ्यांत. प्रत्येकी ३००. इथवर सगळ्यांना आलं. मग मी म्हटलं, चोवीसपैकी दोघं उशिरा आले, त्यांना अर्धा वाटा. आता?

काही मुलांनी ३०० चे दीडशे केले आणि थांबली. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "मग तीनशे उरले, ते कोणाचे?" बराच वेळ गोंधळ चालला. शेवटी एका गटाने माणसं मोजायची सोडून वाटे मोजले: २२ पूर्ण आणि दोन अर्धे मिळून एक, म्हणजे २३ वाटे. ७,२०० ÷ २३. पूर्ण वाटा ३१३ रुपये, अर्धा १५६ रुपये ५० पैसे, आणि बाकी एक रुपया. त्या एका रुपयावर दहा मिनिटं वाद झाला. बाकी ही वहीत कोपऱ्यात लिहायची गोष्ट नसते, तिचं काहीतरी करावं लागतं, हे त्यांना तेव्हा उमगलं. (रुपया देवळाच्या पेटीत गेला. तसा ठराव मुलांनी एकमताने केला.)

हा उपक्रम घेताना चार-चार जणांचे गट करा आणि प्रत्येकाला भूमिका द्या: रापणकार, होडीवाला, ओढणारा, हिशेबनीस. उत्तर मान्य झाल्याची सही चौघांची हवी. ज्याचा वाटा कमी होतो तो आपोआप तपासनीस होतो.

पाऊस मोजा

कोकणातल्या मुलांना पावसाची गणितं बाहेरून आणायची गरज नाही. सरळ बाजूंचा, वर-खाली सारख्याच तोंडाचा डबा घ्या, उघड्यावर दगडांच्या आधाराने ठेवा. रोज सकाळी ठरलेल्या वेळी आतल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजा आणि डबा ओता. निमुळती बादली चालणार नाही. का चालणार नाही, हा स्वतंत्र तासाचा विषय आहे. दोन्ही शेजारी ठेवून मुलांनाच शोधू द्या.

यातलं सोनं म्हणजे हे: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. हे सांगून टाकू नका, घनफळावरून काढू द्या. मग शाळेचं छप्पर. लांबी ९ मीटर, रुंदी ६ मीटर, दिवसाचा पाऊस ८० मिलिमीटर. ५४ × ८० = ४,३२० लिटर. घरचा हंडा १२ लिटरचा निघाला तर ३६० हंडे. एप्रिल-मे महिन्यांत विहिरीवरून हंडे आणणारी मुलं वर्गात असतात. हा आकडा फळ्यावर आला तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला होता.

एक खबरदारी. छप्पर उतरतं असतं, म्हणून मुलं कौलांच्या उताराची लांबी मोजतात आणि उत्तर जास्त येतं. पाऊस वरून पडतो, तेव्हा छपराने झाकलेली जमीन मोजायची. दुपारी उन्हात छत्री तिरकी-सरळ धरून तिची सावली दाखवली की पटतं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तो आपल्या छपरावर पडला असता तर? ५०,९७६ लिटर, म्हणजे ४,२४८ हंडे. वर्तमानपत्रातला आकडा त्या दिवसापासून मुलं वेगळ्या नजरेने वाचतात.

बाहेर पडता येत नाही तेव्हा

जुलैत आठ-आठ दिवस अंगणात उतरता येत नाही. त्यासाठी दोन खेळ हाताशी ठेवा.

पहिला चिंचोक्यांचा. दोन चिंचोके फोडून त्यांचे चार अर्धे करा, एका बाजूने पांढरे, दुसऱ्या बाजूने काळे. पटावरच्या खेळात फासे म्हणून टाकतात तेच हे. चारी उताणे (पांढरी बाजू वर) पडले तर चार, चारी पालथे पडले तर आठ, नाहीतर जितके उताणे तितकं दान. जोड्या पाडा, प्रत्येक जोडीने ४० वेळा टाकायचे आणि किती उताणे पडले त्याच्या ताळ्याच्या खुणा करायच्या. दहा जोड्यांचे मिळून ४०० टाक होतात.

टाकण्यापूर्वी भाकीत लिहून घ्या. दोन्ही बाजू पडण्याची शक्यता सारखी असेल तर शून्य, एक, दोन, तीन, चार उताणे पडण्याचे प्रकार अनुक्रमे १, ४, ६, ४, १, एकूण १६. म्हणजे ४०० टाकांत २५, १००, १५०, १००, २५ अपेक्षित. प्रत्यक्षात चिंचोका एका बाजूने गोलसर आणि दुसऱ्या बाजूने सपाट, त्यामुळे आकडे सरकतात. कोणत्या बाजूला सरकतात आणि का, हे मुलांनी सांगायचं. आठाचं दान इतकं मोलाचं का धरलं असावं, याचा अंदाज मग त्यांनाच येतो. समुद्रावर सापडलेल्या कवड्या घेऊन हेच पुन्हा करा. तक्ता वेगळा येईल.

दुसरा खेळ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचा. ते आपल्याच किनाऱ्यावरचे, १९०५ मध्ये डहाणूला जन्मलेले आणि देवळालीला शाळेत शिकवणारे गणितज्ञ. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते. कापरेकरांचं जन्मवर्षच घेऊन बघा:

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

पुऱ्या सात पायऱ्या. हातच्याच्या वजाबाकीची एरवी जी टाळाटाळ होते, ती इथे होत नाही, कारण ६१७४ आली नाही की चूक आपलीच हे मुलाला कळतं आणि तो मागे जाऊन शोधतो. मुलांना त्यांचं जन्मसाल, गाडीचा नंबर घेऊ द्या. सर्वांत कमी पायऱ्यांची संख्या कोण शोधतो अशी पैज लावा. ज्यांना चार अंक जड जातात त्यांना तीन अंकी द्या, ती ४९५ वर थांबते.

सुट्टीतला अभ्यास

मे महिन्यात किंवा गणपतीत बरीच मुलं कोकण रेल्वेने ये-जा करतात. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतची मिनिटं मोजायची, ३९० ला त्या मिनिटांनी भागायचं, ताशी वेग मिळतो. ३९० कुठून आले हे घरी परतल्यावर विचारायचं. साडेसहा मिनिटं लागली तर वेग ताशी ६० किलोमीटर. गणपतीत पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्या हळू धावतात. मे आणि गणपती अशा दोन नोंदी असतील तर तुलना करता येते.

घरातल्या सातबाऱ्यावरचं क्षेत्र गुंठ्यांत करणं हाही चांगला घरचा अभ्यास. ३३ फूट बाजूचा चौरस म्हणजे एक गुंठा, ४० गुंठे म्हणजे एकर. दोरीने मैदानावर एक गुंठा आखून त्यात उभं राहायला लावा, मग आकड्याला आकार येतो.

गुण, अभ्यासक्रम आणि मागे राहणारी मुलं

"पोर्शन कधी संपवायचा?" हे सगळेच विचारतात. माझं गणित असं आहे: आठवड्याला एक तासिका उपक्रमाची, बाकीच्या पुस्तकाच्या. उपक्रम धड्याच्या आधी घ्या. पाऊणकी झाल्यावर अपूर्णांकांच्या गुणाकाराचा सरावसंच मुलं लवकर उरकतात, तिथे वेळ भरून निघतो. मात्र पुस्तकातला सराव गाळू नका. जेटीवर गेल्याने आडवी-उभी मांडणी आपोआप येत नाही, तिला वही लागतेच.

खेळात हुशार मुलं भराभर उत्तर सांगून टाकतात आणि बाकीची बघत बसतात. म्हणून लिहिणारा आणि बोलणारा वेगळा ठेवा: ज्याला उत्तर येतं त्याने लिहायचं नाही, फक्त समजावायचं. गुण उत्तराला कमी आणि भाकीत, मोजणी, फरकाचं कारण यांना जास्त द्या. चुकलेलं भाकीत खोडणाऱ्याचे गुण कापा, ठेवून खाली कारण लिहिणाऱ्याला द्या. नियम पहिल्याच दिवशी सांगा.

शेवटच्या महिन्यात गणितं तुम्ही घालू नका. सातवीने सहावीला घालायची. अट तीच, उत्तर कुणालाही विचारायला न लागता तपासता आलं पाहिजे. गेल्या खेपेला सातवीच्या मुलींनी चिठ्ठी पाठवली होती: "उद्या जेटीची वरून सातवी पायरी किती वाजता बुडेल?" सहावीने तिथी काढली, पाऊणकी लावली, बारा भागांचा ठोकताळा लावला आणि अकरा चाळीस लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही वर्ग जेटीवर रांगेत उभे होते आणि ज्याच्या हाताला घड्याळ होतं तो मोठ्याने मिनिटं सांगत होता. अकरा चाळीसला सहावी पायरीच्या कडेकडे बघत होती. पाणी बोटभर खाली होतं. अकरा सत्तेचाळीसला एक लाट पायरीवर पसरली आणि मागे गेली. ती मोजायची की नाही, यावर दोन्ही वर्गांत वाद सुरू झाला.